कॅज्युअल्टीत नेताना: कुठे न्यायचं, काय सांगायचं, सोबत काय घ्यायचं (गोवा)

खाजनकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यावरच्या मंडळातर्फे चतुर्थीच्या आधी घरोघरी एक पत्रक द्यायचं ठरलंय. रात्री-अपरात्री कुणाला हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर घरच्यांनी काय करायचं, एवढाच विषय. लोकांमध्ये दोन ठाम मतं आहेत. एक म्हणजे 'वेळ घालवू नका, थेट बांबोळी (म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज) गाठा'. दुसरं म्हणजे 'आधी जवळच्या हॉस्पिटलात दाखवा, ते पाठवतील तिथे जा'. कधी काय बरोबर, हे नीट लिहून हवंय. शिवाय कॅज्युअल्टीत गेल्यावर नंबर कसा लागतो, कागद कोणते लागतात, पोलीस केस म्हणजे नेमकं काय, हेही. इथे डॉक्टर, नर्स, १०८ वरची माणसं आहेत म्हणून विचारते. ऐकीव नको, कामाचं लिहा.

पिंपळपार (इमर्जन्सी विभागात डॉक्टर):
खाजनकाठताई, दोन्ही मतं अर्धी-अर्धी बरोबर आहेत. हॉस्पिटल किती मोठं, यावर ठरवू नका. या आजाराचा पहिला उपचार कुठे लवकर मिळेल, यावर ठरवा.

छातीत दुखण्यापासून सुरुवात करतो, कारण वाट चुकते ती इथेच. छातीवर दाब, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम. मधुमेही आणि वयस्क बायकांमध्ये नुसता दम, वरच्या पोटात जळजळ आणि घाम एवढंच असू शकतं, त्याला 'गॅस' म्हणून सोडू नका. यात पहिली गरज ईसीजीची, पोचल्यापासून १० मिनिटांत. गोव्यात 'स्टेमी गोवा' हा कार्यक्रम सरकारी हॉस्पिटलांत चालू आहे. म्हापसा, मडगावसारख्या ठिकाणी काढलेला ईसीजी बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवला जातो, आणि मोठा अटॅक दिसला तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस तिथेच देऊन मग पुढे पाठवतात. हे इंजेक्शन महागडं आहे, सरकारीत मोफत मिळतं. म्हणून काणकोणच्या किंवा पेडण्याच्या माणसाने छाती धरून बसलेल्या रुग्णाला गाडीत घालून थेट बांबोळी गाठणं म्हणजे वाटेत तासभर हृदयाचा स्नायू मरू देणं. जो बांबोळीपासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे, त्याने सरळ तिथेच जावं, कारण तिथे लगेच अँजिओप्लास्टी होऊ शकते.

इंजेक्शन देण्याआधी आम्ही काही प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरं घरच्यांकडेच असतात. वजन किती (डोस वजनावर, ३० ते ५० मिग्रॅ), पूर्वी पॅरालिसिस किंवा मेंदूत रक्तस्राव झालाय का, अलीकडे ऑपरेशन किंवा डोक्याला मार, पोटात अल्सर होऊन रक्त गेलंय का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. 'घरी विचारून सांगतो' यात दहा मिनिटं जातात. जो हे सगळं जाणतो तोच रुग्णासोबत बसावा. गाडी कुणीही चालवेल.

घरी काय द्यावं? अ‍ॅलर्जी नसेल, अल्सरचा रक्तस्राव नसेल आणि लकव्याची शंका नसेल, तर साधी अ‍ॅस्पिरिन सुमारे ३०० मिग्रॅ चावून खायला द्या. 'इकोस्प्रिन'सारख्या गोळीवर आवरण असतं, गिळली तर उशिरा विरघळते, म्हणून चावायची. सॉर्बिट्रेट (छातीदुखीत जिभेखाली ठेवायची गोळी) मात्र शेजाऱ्याच्या डब्यातली उचलून जिभेखाली ठेवू नका. हृदयाच्या उजव्या भागाचा अटॅक असेल तर बीपी एकदम कोसळतं. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) जातीची गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली असेल तर अजिबात लाजू नका, सांगा.

तांबडीमाती (१०८ अँब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे तातडीचा वैद्यकीय मदतनीस):
डॉक्टरांनी म्हटलेलं पुढे नेतो. १०८ ला फोन केला की पहिल्यांदा गावाचं नाव आणि तालुका. गोव्यात एकाच नावाचे वाडे दोन-तीन गावांत आहेत. 'देवळाकडे' म्हटलं तर कुठलं देऊळ? देऊळ, चॅपल, फेरीचा धक्का, पंचायत, बसथांबा यांपैकी एक खूण पूर्ण नावासह द्या. पत्रादेवी, दोडामार्ग, पोळे या सीमेलगतच्या भागात मोबाईलने पलीकडचा टॉवर पकडला तर फोन शेजारच्या राज्याच्या केंद्राला लागू शकतो, म्हणून 'गोव्यातून बोलतोय' हे आधी.

मग रुग्ण शुद्धीवर आहे का आणि श्वास नीट चालू आहे का, हे दोनच. यावरून ठरतं की व्हेंटिलेटर-डिफिब्रिलेटरवाली गाडी पाठवायची की साधी. आजूबाजूला आमचा १०८ चा मोटरसायकलवाला असेल तर तो आधी पोचतो, त्याच्याकडे ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची औषधं असतात. तो आला म्हणून 'ही कसली अँब्युलन्स' म्हणत रुग्णाला खासगी गाडीत घालू नका, मोठी गाडी मागून येतेच.

केंद्र सांगेपर्यंत फोन ठेवू नका. नंतर तो नंबर बिझी ठेवू नका. घराबाहेरचा दिवा लावा, कुत्रा बांधा, एक माणूस मुख्य रस्त्याच्या फाट्यावर टॉर्च घेऊन उभा करा. आमचा निम्मा वेळ शेवटच्या तीनशे मीटरमध्ये जातो. गाडी आत येत नसेल अशा पाणंदीतून रुग्णाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून दोघांनी आणायचं, पाय ओढत चालवायचं नाही. अटॅकच्या रुग्णाला चालवणं सगळ्यात वाईट.

गाडी लांबून येणार असेल आणि तुमच्याकडे वाहन असेल तर केंद्राला विचारून मधल्या ठिकाणी भेट ठरवता येते. न सांगता निघालात तर दोन्ही गाड्या एकमेकांना ओलांडून जातात. दिवाडीसारख्या ठिकाणी फेरीची वेळ आणि कुठल्या धक्क्यावर येताय ते फोनवरच ठरवा.

श्वास बंद असेल तर गाडीची वाट बघत बसायचं नाही. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंमी खोल दाबायचं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेल्या माणसाचे दाब उथळ होतात.

काजूमोहोर (आरोग्य केंद्र, सत्तरी):
छातीदुखीचं पटलं. पण साप चावला तर आमच्याकडची माणसं थेट बांबोळीच धरतात, आणि मला त्यात पूर्ण चूक वाटत नाही. लहान केंद्रात श्वास बंद पडला तर व्हेंटिलेटर कुठून आणणार? डॉक्टरांनी यावर सविस्तर लिहावं.

पिंपळपार:
रास्त शंका आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

गोव्यातल्या चार मुख्य विषारी सापांत नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं, घोणस आणि फुरसं यांचं रक्तावर. भारतात मिळणारं प्रतिविष या चौघांविरुद्ध आहे. वाळपईच्या पलीकडच्या गावांतून बांबोळी म्हणजे तासाभराहून जास्त. या वेळात नागाच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. जवळच्या सामूहिक आरोग्य केंद्रात प्रतिविष सुरू करून, श्वास सांभाळत १०८ मधून पुढे नेलं तर दोन्ही साधतं. निघण्याआधी १०८ केंद्राला विचारा: या केंद्रात आत्ता डॉक्टर आणि प्रतिविष दोन्ही आहेत ना? नाहीत म्हणाले तर त्याच्या पुढचं ठिकाण. केंद्र टाळून जायचं असेल तर या उत्तरावर टाळा, सवयीने टाळू नका.

आता तपासणी. विष रक्तावर गेलंय का बघायला एक साधी चाचणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता उभी ठेवायची, मग एकदाच आडवी करून बघायची. रक्त वाहिलं तर गोठण्याची क्रिया बिघडली आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. आणि साबणाने धुतलेली नळी वापरली तर विष नसतानाही रक्त पातळ राहतं, कारण काचेचा पृष्ठभागच गोठण्याची क्रिया सुरू करतो आणि साबणाचा थर तो झाकतो. एवढ्याशा चुकीने नको असलेलं प्रतिविष दिलं जाऊ शकतं. नातेवाईकांनी समजून घ्यायचं ते एवढंच की ही वीस मिनिटं वाया जात नसतात. 'नुसतं बसवून ठेवलंय' असा आरडाओरडा त्या वेळी नको.

चाचणी बिघडली किंवा पापण्या जड झाल्या तर सुरुवातीला साधारण ८ ते १० बाटल्या शिरेतून. मुलांनाही तेवढ्याच, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. दर सहा तासांनी चाचणी पुन्हा. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनालिन भरून बाजूला असतं. लक्षणं नसली तरी २४ तास ठेवून घेतात, 'बरा आहे, घरी नेतो' म्हणू नका.

मण्यारीचं वेगळं सांगायला हवं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. पहाटे पोटात कळ, मग पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाची अशी तक्रार आली की 'पित्त' म्हणून सोडा देत बसायचं नाही.

आपल्या जंगलपट्ट्यात चापडा जातीचे सापही आहेत, मलबारी आणि उंच नाकाचा. त्यांच्यावर हे प्रतिविष चालत नाही. म्हणून सापाचं वर्णन उपयोगी आहे, पण साप मारून आणू नका. लांबून मोबाईलने फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या. मेलेल्या सापाच्या डोक्यानेही दंश होतो.

बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा, सूज चढली की कापावे लागतात. हात-पाय फळीला बांधून स्थिर. आणि आधीच करकचून दोरी बांधली असेल तर वाटेत सोडू नका, ती कॅज्युअल्टीत शीर घेतल्यावर सोडतात. एकदम सोडली तर अडकलेलं विष एका झटक्यात अंगात पसरतं.

काजूमोहोर:
पटलं. आमच्या बाजूचं आणखी एक लिहून ठेवते. जानेवारी ते मे या काळात काजूच्या बागेत किंवा रानात काम करणाऱ्याला ताप, डोकेदुखी, अंगदुखी, डोळे लाल असतील तर कॅज्युअल्टीत पहिल्यांदा 'सत्तरीतून आलोय, बागेत काम करतो' हे सांगा. माकडताप सत्तरीत २०१५ पासून आहे, गोचिडीमुळे होतो, आणि रानातलं काम कळल्याशिवाय त्याची तपासणी कुणी मागत नाही. जवळपास माकड मेलेलं दिसलं असेल तर तेही सांगा. पावसाळ्यात शेतात, चिखलात उघड्या पायांनी काम करणाऱ्याला ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका. तापात आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक घरी देऊ नका, डेंगी निघाला तर रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल पुरे.

सुरंगी (कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स):
आता नंबर कसा लागतो ते. कॅज्युअल्टीत आलेल्या क्रमाने बघत नाहीत. दारातच श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन, शुद्ध आणि शुगर बघून ठरतं: लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकतो. मागून आलेला आधी आत गेला तर कुणाची ओळख लागली असं समजू नका, तो लाल असतो. पण पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही. बसलेल्या माणसाला घाम फुटला, तो गुंगला, दम वाढला, पुन्हा उलटी झाली, तर उठून सिस्टरला सांगा. 'आधी सांगितलंय' म्हणून गप्प बसू नका.

सांगायची पद्धत. गोष्ट मागून पुढे सांगू नका. 'परवा लग्नाला गेले होते, तिथे जेवले...' असं सुरू झालं की मुद्दा पाचव्या मिनिटाला येतो. असं म्हणा: 'वय ६२, मधुमेह आणि बीपी, एक तासापासून छातीत दुखतंय, घाम आलाय, सल्फाची अ‍ॅलर्जी.' झालं. मग सिस्टर विचारतील तेवढंच. शेवटचं जेवण किती वाजता, हे लक्षात ठेवा. ऑपरेशन लागलं तर भूल देणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. म्हणूनच वाटेत चहा-पाणी-सोडा काही पाजू नका. जेवणानंतर सहा तास व्हावे लागतात, आणि भूल देताना भरल्या पोटातलं फुफ्फुसात जातं.

एकच अपवाद, शुगर कमी झालेला मधुमेही. तो गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, मध-साखर हिरड्यांना चोळणंही नको, श्वासनलिकेत जातं. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे शुगर उतरली असेल तर ग्लुकोज दिल्यावर माणूस ताजातवाना होऊन बसतो, घरचे म्हणतात चला. तासा-दोन तासांनी ती परत उतरते, कारण गोळीचा परिणाम दिवसभर टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून जास्त. त्यांना ठेवूनच घ्यावं लागतं.

नारळीपौर्णिमा:
लकवा राहिला. घरात कुणी बोबडं बोलायला लागलं, तोंड एका बाजूला गेलं, हात उचलत नाही, तर पत्रकात मोठ्या अक्षरात काय हवं?

पिंपळपार:
मोठ्या अक्षरात वेळ हवी. 'शेवटचा ठणठणीत कधी दिसला?' 'केव्हा लक्षात आलं' ही वेळ वेगळी असते. झोपेतून उठताना लकवा दिसला तर रात्री झोपतानाची वेळ धरतात. गुठळी विरघळवण्याचं औषध त्या वेळेपासून साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे बघावंच लागतं, कारण रक्तस्रावात तेच औषध घातक. मोठी नस बंद असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढतात. म्हणून लकव्यात लहान केंद्रात थांबण्यात अर्थ नाही, जिथे सीटी आत्ता चालू आहे तिथेच जायचं. म्हणजे छातीदुखीच्या उलट.

घरी बीपी मोजून २०० दिसलं म्हणून जिभेखाली कॅप्सूल फोडून टाकू नका. लकव्यात मेंदू रक्तपुरवठा टिकवायला स्वतःच बीपी वाढवतो. ते झटक्यात खाली आणलं तर मेंदूचा वाचू शकणारा भागही जातो. अ‍ॅस्पिरिनही नको, सीटी होईपर्यंत.

डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, दोन-तीन उलट्या, एक बाहुली मोठी, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त, अशा रुग्णाला न्यूरोसर्जन लागतो, म्हणून बांबोळी. श्वास घरघरत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर वाटेतल्या हॉस्पिटलात ते आवरून. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला बाथरूममध्ये पडून नुसता टेंगूळ आला तरी दाखवा.

तांबडीमाती:
माडावरून पडलेल्या माणसाबद्दल लिहायलाच हवं. पाडेली (नारळ पाडणारा) किंवा रेंदेर (सूर काढणारा) पडला की चार जण धावतात, काखेत हात घालून बसवतात, पाणी पाजतात. मान किंवा कणा मोडला असेल तर त्या बसवण्यानेच पाय कायमचे जाऊ शकतात. पडलाय तसाच ठेवा, एकाने डोक्याकडे बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि 'हात-पाय हलवता येतात का' विचारायचं. वळवायचंच झालं तर डोकं, खांदे, कंबर एकाच ओळीत, मोजून, चौघांनी एकदम. आमच्याकडे कॉलर आणि फळी असते. रिक्षात दुमडून नेऊ नका. पावसात भिजत असेल तर वर ताडपत्री धरा, माणूस हलवू नका.

चणेकुरमुरे (औषधविक्रेता):
औषधांच्या नावांचं. 'पांढरी छोटी गोळी, बीपीची' याने काही कळत नाही. चालू औषधांच्या रिकाम्या स्ट्रिपसह एक प्लास्टिकची पिशवी फ्रिजवर अडकवून ठेवा. वर जाड अक्षरात अ‍ॅलर्जी. इन्शुलिन असेल तर बाटलीवरचं नाव आणि युनिट दोन्ही, कारण साधं आणि ३०-७० यांचा परिणाम वेगळा. अ‍ॅसिट्रोम, वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅपिक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काही असेल तर लाल पेनने. वॉरफेरिन-अ‍ॅसिट्रोमवाल्यांनी शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा) रिपोर्ट तिथेच ठेवावा.

विषबाधेत डबा, बाटली, पाकीट सोबत आणा, लेबल फाटलं असेल तरी. उलटी करवू नका. रॉकेल, फिनेल, अ‍ॅसिड वर येताना पुन्हा जाळतं आणि फुफ्फुसात जातं. मिठाचं पाणी पाजणं बंद करा. कीटकनाशक अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, हातात मोजे किंवा पिशवी घालून. आणि उंदीर मारायच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचं कृपया छापाच. पहिला दिवस माणूस बरा दिसतो, तिसऱ्या दिवसानंतर यकृत निकामी होतं. 'काही झालं नाही' म्हणून घरी ठेवू नका.

पानपोई (वकील):
कायद्याचं. अपघात, विषबाधा, भाजणं, मारहाण, संशयास्पद पडणं, या सगळ्यांत हॉस्पिटल एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. हा गुन्हा दाखल होणं नव्हे, नोंद आहे. उपचार त्यासाठी थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलंय की आधी जीव, मग औपचारिकता, आणि हे खासगी डॉक्टरलाही लागू आहे.

खरं तेच सांगा. दुचाकीवरून पडलेल्याला 'जिन्यावरून पडला' असं लिहायला लावलं, की पुढे अपघात दाव्यात तोच कॅज्युअल्टीचा पहिला कागद विरुद्ध पक्ष दाखवतो. तो बदलून मिळत नाही. एमएलसी नंबर, वेळ आणि पोलीस ठाण्याचं नाव वहीत उतरवून घ्या.

रस्त्यावर जखमी दिसलेल्याला आणणाऱ्या माणसाला मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही, पैसे भरायची नाही, साक्षीदार व्हायची नाही. शिवाय २०२५ पासून केंद्राची रस्ते अपघाताची रोकडविरहित योजना आहे. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत, नेमलेल्या हॉस्पिटलांत. पोलिसांची पुष्टी लागते, म्हणून एमएलसी टाळून चालत नाही.

लैंगिक अत्याचारात आधी एफआयआर हवी असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. मोफत उपचार ताबडतोब द्यायचं बंधन सगळ्या हॉस्पिटलांवर आहे. आंघोळ करू नये, कपडे प्लास्टिकमध्ये न ठेवता कागदी पिशवीत ठेवावेत, ओलाव्याने पुरावा कुजतो.

ओलीवाट (वैद्यकीय समाजसेविका):
पैशांचं थोडक्यात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख. कार्ड नूतनीकरण झालंय का, हे आजारी पडायच्या आधी बघा. कॅज्युअल्टीच्या खिडकीवर ते कळणं फार उशिराचं. कार्ड घरी राहिलं तर फोटो पाठवायला सांगा, उपचार अडत नाहीत, पण दाखल झाल्यावर योजनेच्या काउंटरला लवकर कळवा, कारण काही उपचारांना आधी मंजुरी लागते. बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क आहे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडून येणाऱ्यांनी आधार, रेशनकार्ड आणि आपल्या राज्याच्या योजनेचं कार्ड सोबत आणून समाजसेवा विभागात भेटावं. जीव धोक्यात असताना कागदासाठी घरी कुणी थांबू नका.

कॅज्युअल्टीत रुग्णासोबत एकच माणूस. बाकीच्यांपैकी एकाकडे फोन आणि चार्जर, एकाकडे कागद. ईसीजीचा कागद उष्णतेने छापलेला असतो, काही महिन्यांत पुसट होतो, त्याच रात्री फोटो काढा. आणि रेफर करताना दिलेली चिठ्ठी, दिलेलं इंजेक्शन आणि त्याची वेळ लिहिलेली आहे ना, हे वाहनात बसण्याआधी वाचा. नाहीतर तेच औषध दुसऱ्यांदा जातं.

रापणकार:
किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक ओळ. पाकट किंवा शिंगाळा या माशांचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४०-४५ अंश, अर्धा ते दीड तास पाय बुडवा. त्या विषाची प्रथिनं उष्णतेने निकामी होतात, वेदना भराभर उतरतात. पाणी दुसऱ्या माणसाने हात घालून बघावं, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत असेल तर उपटू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि एक्स-रे दोन्ही लागतात, तुकडा आत राहतो.

सुरंगी:
कुत्रा-मांजर-माकड चावण्याचं राहिलंय. नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना, काही नाही. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोबुलिन टोचावं लागतं, ते मागा. टाके लगेच घालत नाहीत. लस कातडीत असेल तर ०, ३, ७, २८ या दिवशी, दंडाच्या स्नायूत असेल तर ०, ३, ७, १४, २८. शून्य म्हणजे पहिल्या लसीचा दिवस. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाने रेबीज खूप आटोक्यात आलाय, पण म्हणून डोस सोडायचे नाहीत.

मुलांचं दोन ओळींत. तापात झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट नको, चप्पल-कांदा हुंगवणं नको, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. घड्याळाची किंवा रिमोटची बटणासारखी बॅटरी गिळली असेल तर ते सगळ्यात तातडीचं. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजायला लागते. एक वर्षावरच्या मुलाला, गिळता येत असेल तर, वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, पण मधासाठी निघणं लांबवू नका. नाणं समजून थांबलात तर फसाल, एक्स-रेत बॅटरीच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं.

खाजनकाठ:
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. शेवटचा प्रश्न. रात्री दोनला 'काही नाही, घरी जा' म्हणून सोडलं तर विश्वास ठेवायचा का? आणि घरच्यांनाच ठेवायचं नसेल तर?

पिंपळपार:
सोडण्याआधी तीन गोष्टी विचारा: शंका कशाची होती, ती कशावरून गेली, आणि काय झालं तर परत यायचं. छातीदुखीत पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी अटॅक नाही असं होत नाही, काही तासांनी ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईसीजी पुन्हा करतात. ते झालं का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डोक्याच्या मारात घरी सोडलं तर २४ तास सोबत कुणीतरी हवंच. झोपू द्या, पण अधूनमधून उठवून नाव-गाव विचारा.

सल्ल्याविरुद्ध नेणार असाल तर सही मागतात. सही केल्याने परत यायचा दरवाजा बंद होत नाही, हे नक्की छापा. लोक त्या सहीमुळे लाजेने परत येत नाहीत आणि तिथे घात होतो. नेताना चालू औषधांची चिठ्ठी आणि रिपोर्टच्या प्रती घ्या.

सुरंगी:
आणि मानसिक त्रासात, जीव द्यायचा विचार बोलून दाखवला असेल तर १४४१६ टेलिमानस, चोवीस तास. बांबोळीत मनोरुग्णालय वेगळं आहे, पण काही खाल्लं-प्यायलं असल्याचा नुसता संशय असला तरी आधी कॅज्युअल्टी. माणसाला एकटं बसवू नका, बाथरूमलाही सोबत जा.

खाजनकाठ:
ठीक आहे. पहिल्या पानावर छातीदुखी, लकवा आणि साप, कारण तिथेच वाटा वेगळ्या होतात. मागच्या पानावर फ्रिजवरच्या पिशवीची यादी आणि १०८ ला सांगायची वाक्यं. मसुदा तयार झाला की इथे टाकते, डॉक्टर आणि सुरंगीताईंनी डोसचे आकडे एकदा तपासून द्यावेत.